संशोधनाला आमचं शरीर चालतं, आमचा आजार चालत नाही

"संशोधनात तरी जात आणू नका हो!" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याच्या पुढचं वाक्यही आम्हाला पाठ झालं आहे. ते असतं, "रक्ताला कुठे जात असते? सगळ्यांचं रक्त लालच!" हे सांगणारे बहुधा डॉक्टर असतात, प्राध्यापक असतात, आणि एखाद्या रक्तदान शिबिराच्या बॅनरखाली उभे असतात. आमचं यावर काहीच भांडण नाही. रक्ताला जात नसते, म्हणून तर आमचं रक्त काढून घेताना कुणाला विटाळ होत नाही. आमचा प्रश्न रक्ताच्या रंगाचा नाही. रक्त कुणाच्या दंडातून निघालं, कुठल्या प्रयोगशाळेत गेलं, त्यावर कुणाचं नाव छापून आलं आणि ज्याचं रक्त होतं त्याच्या घरी काय परत आलं, एवढंच आम्ही विचारतो. तेवढं विचारलं की लगेच आम्ही "जात आणणारे" ठरतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातला एकजण वस्तीतल्या एका मावशींना घेऊन एका शासकीय रुग्णालयात गेला होता. (कोणतं ते लिहीत नाही. मावशींना पुन्हा तिथेच जायचं आहे.) ताप उतरत नव्हता, पाय सुजले होते. सकाळी केसपेपर काढला, दुपार ओपीडीच्या बाकावर गेली, संध्याकाळी मेडिसिन वॉर्डात खाट मिळाली. खाट म्हणजे दोन खाटांच्या मधली गादी. रात्री एक निवासी डॉक्टर आला. पोरगा झोपेअभावी उभ्या उभ्या डोलत होता, त्याच्यावर आमचा राग नाही. त्यानं मावशींचा अंगठा दोन कागदांवर घेतला. पहिला कागद भरतीचा. दुसरा कशाचा विचारलं तर म्हणाला, "रुटीन आहे." दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा एक नळी रक्त जास्त गेलं. आमच्या माणसानं हट्टानं तो कागद बघायला मागितला, तेव्हा कळलं की ते त्या डॉक्टरच्या एमडीच्या प्रबंधासाठीचं संमतीपत्र होतं. संपूर्ण इंग्रजीत. खाली मावशींचा निळा अंगठा.

मावशी बऱ्या होऊन घरी आल्या. त्या डॉक्टरला अजून आशीर्वाद देतात. उपचारात खोट नव्हती हे आम्हीही मान्य करतो. पण आपण कुठल्याशा अभ्यासातला एक क्रमांक होतो, त्या अभ्यासातून काय निघालं, हे त्यांना मरेपर्यंत कळणार नाही.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जनरल मेडिसिन म्हणजे विद्यापीठीय वैद्यकीय महाविद्यालयाचं काळीज. ताप, कावीळ, मधुमेह, हृदय, मूत्रपिंड, सर्पदंश, विषप्राशन, सगळं तिथे येतं. तिथे तीन वर्षांचं एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो, त्याशिवाय पदवी नाही. आता प्रबंधाला रुग्ण लागतात. पंचतारांकित रुग्णालयातला रुग्ण विचारतो, "ही एक्स्ट्रा टेस्ट कशाला? इन्शुरन्समध्ये बसते का?" शासकीय वॉर्डातला रुग्ण विचारत नाही. म्हणून देशभरातल्या शासकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जे प्रबंध धूळ खात पडले आहेत, त्यांतल्या तक्त्यांमध्ये आमच्या वस्त्या आहेत. आमची वयं, आमचं हिमोग्लोबिन, आमच्या क्रिअ‍ॅटिनिनचे आकडे. प्रबंध पास होतो, डॉक्टर बाहेर पडतो, वस्तीचं पाणी तसंच गढूळ राहतं.

हे झालं बिनपैशाचं संशोधन. पैसा आत शिरला की काय होतं ते इंदूरनं दाखवून दिलं आहे.

इंदूर आम्हाला परकं नाही. बाबासाहेबांचं जन्मस्थान महू तिथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. त्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, जे तिथल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, औषध कंपन्यांच्या चाचण्या वर्षानुवर्षं चालल्या. बीबीसीनं नोव्हेंबर २०१२ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार सात वर्षांत ७३ चाचण्या, सुमारे ३,३०० रुग्ण, आणि त्यांतली १,८३३ मुलं. त्याच वृत्तात एका दलित कुटुंबाची हकिगत होती. घरातली आई, वय ४५, छातीत दुखतं म्हणून आणलेली. कुटुंबाचं म्हणणं असं की एरवी आमच्यासारख्यांना रुग्णालयात पाच रुपयांची चिठ्ठी मिळते, त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी सव्वा लाख रुपयांचं परदेशी औषध फुकट देतो म्हणून सांगितलं. खर्च कुठल्याशा निधीतून होईल असंही सांगितलं. ही चाचणी आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, असा त्या कुटुंबाचा आरोप होता. औषध दिल्यावर हृदयाच्या ठोक्यांत बिघाड दिसला, औषध थांबवलं, काही दिवसांनी घरी पाठवलं, आणि महिन्याच्या आत ती बाई हृदय बंद पडून गेली. पुढे त्या औषधाची चाचणी कंपनीनं थांबवली, कारण रुग्णांना झटके येत असल्याच्या नोंदी झाल्या होत्या.

ती बाई औषधामुळेच गेली असं कुणी सिद्ध केलेलं नाही आणि आम्हीही तसं म्हणत नाही. आम्हाला त्या कुटुंबाच्या आश्चर्यात रस आहे. आयुष्यभर ज्याला रांगेत मागे ढकललं, त्याला एक दिवस अचानक पुढे बोलावलं जातं. डॉक्टर गोड बोलतात, चौकशी करतात, महागडं औषध हातावर ठेवतात. त्याला वाटतं, चला, जग बदललं. जग बदललेलं नसतं. त्याचं नाव एका कंपनीच्या यादीत चढलेलं असतं, आणि यादीतल्या प्रत्येक नावामागे चाचणी घेणाऱ्याला पैसे मिळत असतात.

हे उघडकीला आणणाऱ्या डॉ. आनंद राय यांना रुग्णालयाबाहेरचा रस्ता दाखवला गेला. आणि ज्यांनी चाचण्या केल्या त्यांना काय शिक्षा झाली? मध्य प्रदेश सरकारनं २०१२ मध्ये १२ डॉक्टरांना दंड केला. प्रत्येकी ५,००० रुपये. तोही माणसांवर काही केलं म्हणून नव्हे, तर सरकारला माहिती दिली नाही म्हणून.

इंदूरच्याच 'स्वास्थ्य अधिकार मंच'नं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा केंद्र सरकारला आकडे द्यावे लागले. जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात नव्या रसायनांच्या ४७५ चाचण्या झाल्या, त्यांदरम्यान २,६४४ माणसं मेली, आणि त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असं सरकारनं मान्य केलं. बाकीचे २,५६४ आपापल्या आजारानं मेले, असा त्याचा अर्थ. असतीलही. कर्करोगाच्या, हृदयविकाराच्या चाचण्यांत माणसं आजारानंही मरतात, हे आम्हाला कळतं. पण मृत्यू औषधाचा की आजाराचा हे पहिल्यांदा ठरवतो कोण? ज्यानं औषध दिलं तोच डॉक्टर. चोरानंच पंचनामा लिहायचा आणि त्यानंच खाली सही करायची.

२००५ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी नियम बदलले आणि परदेशात ज्या टप्प्यावर चाचणी सुरू आहे त्याच टप्प्याची चाचणी भारतातही एकाच वेळी करायला मोकळीक मिळाली. आधी एक टप्पा मागे राहावं लागत असे, म्हणजे धोका थोडा तरी कळलेला असे. ती भिंत पाडली. का पाडली? इथे रुग्ण भरपूर, खर्च कमी, डॉक्टर इंग्रजी बोलणारे, आणि अनेक रुग्णांनी आधी कुठलंच औषध घेतलेलं नाही. या शेवटच्या गुणाला त्यांच्या भाषेत फार किंमत आहे. आयुष्यभर औषध परवडलं नाही, हीच आमच्या माणसाची पात्रता ठरली.

आता संमतीबद्दल. आमच्यावर सगळ्यात जास्त फेकला जाणारा शब्द हाच. "त्यांनी संमती दिली होती, सही आहे, अंगठा आहे." आम्ही विचारतो, ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला होकार म्हणायचं का? पन्नास किलोमीटरच्या टापूत एकच मोठं रुग्णालय आहे, खाट डॉक्टरच्या मर्जीवर आहे, आणि पिढ्यान्पिढ्या पांढऱ्या कपड्यातल्या माणसासमोर हात जोडून उभं राहायला शिकवलेलं आहे. तिथे "नको साहेब" म्हणायला जी ताठ मान लागते, तीच तर जातिव्यवस्थेनं मोडलेली असते. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता गावच्या विहिरीवर संपत नाही. ती वॉर्डातल्या खाटेच्या पायथ्याशी उभी असते.

खम्ममचं प्रकरण आठवा. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस एका प्रकल्पाखाली दिली गेली. खम्ममच्या मुलींत आदिवासी मुली मोठ्या संख्येनं होत्या, कितीतरी वसतिगृहांत राहणाऱ्या. सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. चौकशीत बहुतेक मृत्यू लसीशी संबंधित नसल्याचं सांगितलं गेलं. ते क्षणभर तसंच्या तसं स्वीकारू. मग संमतीपत्रांचं काय? संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात ते मांडलं आहे: आंध्रातल्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आई-बाप पाड्यावर, मुलगी वसतिगृहात, आणि तिच्या शरीराची संमती देणार अधीक्षक! कुठल्या कॉन्व्हेंट शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांना न विचारता पोरींच्या दंडात सुई टोचायला परवानगी दिली असती?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्याच काही पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर भलतंच फिरतं. ती लस वाईट नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग गरीब बायांनाच जास्त खातो, आणि ही लस आपल्या मुलींना मिळालीच पाहिजे, सरकारनं ती फुकट दिली पाहिजे. आमचं भांडण औषधाशी नाही. "सगळ्या चाचण्या म्हणजे कट आहे, डॉक्टरकडे जाऊच नका" असं सांगणारा माणस निळा गमछा घालून आला तरी तो आपल्या माणसाला भगताच्या दारात नेऊन बसवतो आहे, हे समजून घ्या. बाबासाहेबांच्या लेकरांनी विज्ञान सोडून कुठे जायचं?

हे सगळं आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला १९३२ पासून सरकारच्या आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या माणसांना नुसतं बघत ठेवलं, त्यांच्याशी तुलना करायला आजार नसलेले आणखी २०१ काळे पुरुष घेतले. तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतो, असं सांगितलं. तपासणीच्या दिवशी जेवण, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. पेनिसिलिन आलं, सगळ्यांना मिळू लागलं, यांना दिलं नाही, कारण दिलं असतं तर अभ्यास बिघडला असता. हे चाळीस वर्षं चाललं. लपूनछपून नव्हे, वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे लेख छापून येत होते आणि सभ्य, शिकलेले, चर्चला जाणारे डॉक्टर ते वाचत होते. शेवटी आतल्याच एका माणसानं, पीटर बक्सटननं, पत्रकाराला कागद दिले आणि जुलै १९७२ मध्ये ते फुटलं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागायला १९९७ उजाडलं.

१९७२ हे सालही आमच्यासाठी साधं नाही. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव कुठून घेतलं ते सांगायला नको. पण ज्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं, ती त्या काळात काय करत होती हे आपल्या तरुणांना फारसं कुणी सांगत नाही. बंदुकीचे आणि काळ्या जाकिटांचे फोटो आपण पाहिले आहेत. त्यांनी वस्त्यांमध्ये फुकट दवाखाने काढले होते, आणि १९७१ पासून त्या दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी मोहीम चालवली होती. हा आजार काळ्यांमध्ये जास्त, म्हणून सरकार त्याच्याकडे बघत नाही, असा त्यांचा थेट आरोप होता. रस्त्यावर टेबल टाकून बोटातून रक्त घेतलं, पत्रकं वाटली, गदारोळ केला. मे १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही करावी लागली. निक्सन आणि पँथर! एका बाजूला आमच्या शरीरावर प्रयोग थांबवा, दुसऱ्या बाजूला आमच्या आजारावर संशोधन करा. दोन्ही मागण्या एकाच वर्षी, एकाच समाजाच्या.

आपण नाव घेतलं, हे घ्यायचं राहून गेलं. आणि नेमका तोच आजार आपल्या घरात आहे.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल समजावून सांगायची गरज नाही. प्रत्येक मोहल्ल्यात एखादं तरी घर असं असतं, जिथे पोरगं रात्री हातपाय धरून ओरडतं, थंडी पडली की सांधे धरतात, वर्षातून चार वेळा रक्त चढवावं लागतं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, जिथे अडकतात तिथे कळ. आदिवासींमध्ये हा आजार आहे, विदर्भातल्या महार-बौद्ध समाजात आहे, काही ओबीसी जातींतही आहे. वैद्यकशास्त्राला हा आजार १९१० पासून माहीत आहे, शिकागोच्या एका डॉक्टरनं ग्रेनाडाहून आलेल्या एका काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तात त्या पेशी पाहिल्या होत्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगनं दाखवलं की हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला बिघाड आहे. एखादा आजार थेट रेणूपर्यंत नेऊन भिडवण्याची ही पहिली वेळ. भारतात नीलगिरीच्या आदिवासींमध्ये तो १९५२ मध्ये सापडला. म्हणजे विज्ञानाला हा आजार फार आवडला. आजाऱ्याचं काय? त्यासाठीचं म्हणून पहिलं औषध, हायड्रॉक्सियुरिया, अमेरिकेत मंजूर व्हायला १९९८ लागलं, आणि तेही मुळात कर्करोगासाठीचं जुनं औषध. जनुक दुरुस्त करणारा उपचार डिसेंबर २०२३ मध्ये तिथे मंजूर झाला, किंमत माणशी २२ लाख डॉलर. पाचपावलीतल्या कुणाला परवडेल का हे तुम्हीच हिशेब करून बघा.

आणि आपल्याकडे बरीच वर्षं काय सांगितलं गेलं? भारतातला सिकलसेल सौम्य असतो. आमच्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून त्रास कमी. यात काही तथ्य आहे, पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की मध्य भारतातल्या कित्येक मुलांना हा आजार चांगलाच तीव्र होतो. तिथेच हायड्रॉक्सियुरियाच्या कमी, ठरावीक मात्रेची चाचणी झाली आणि मुलांचे कळांचे झटके कमी झाले. हेही संशोधन शासकीय रुग्णालयातच झालं, आपल्याच मुलांवर झालं, आणि आम्ही त्याला सलाम करतो. कारण तिथे प्रश्न आपल्या मुलांचा होता आणि उत्तरही आपल्या मुलांना मिळालं. आम्हाला संशोधन हवं आहे ते असं.

आता जातीकडे येतो, कारण "जात आणू नका" म्हणणाऱ्यांना इथे पळायला जागा नाही. सिकलसेल ठरावीक समाजांत का गोळा झाला? एक कारण मलेरिया. ज्याच्या अंगात हे जनुक एकाच बाजूनं आलं आहे, म्हणजे एएस पॅटर्न, त्याला जीवघेण्या मलेरियापासून काही संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या पट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं. पण डास जात बघून चावत नाही. शेजारच्या दोन जातींत एकीत जनुक भरपूर आणि दुसरीत जवळपास नाही, हे डासानं केलेलं नाही. ते लग्नानं केलं. जातीतल्या जातीत लग्न करायच्या सक्तीनं जनुक कुंपणात कोंडलं गेलं. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचा गाभा म्हणून नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं: पोटातल्या पोटात लग्न. वय वर्षं पंचवीस, पॉलिंगच्या रेणूला अजून तेहतीस वर्षं बाकी.

दोन एएस माणसांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता पोर एसएस निघण्याची. म्हणून सरकार कार्ड देतं, समुपदेशन करतं, "वाहकानं वाहकाशी लग्न करू नये." बरोबर आहे. पण तेच सरकारी समुपदेशन पुढचं एक वाक्य बोलायला कचरतं: जातीबाहेर लग्न करा. पत्रिका जुळवतात तसं कार्ड जुळवा म्हणतील, तेही जातीतल्या जातीत. जातीचं कुंपण तसंच ठेवून आतल्या आत चांगली मेंढरं निवडायची! आंतरजातीय लग्नानं सिकलसेल नाहीसा होईल असा दावा आम्ही करत नाही, जनुक राहीलच. पण एसएस पोरांचा जन्म कमी होईल, हे शाळेतलं गणित आहे. ते सांगायला एकाही आरोग्य खात्याचं तोंड उघडत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत निर्मूलन, प्रभावित आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. स्वागत आहे. पण तीन गोष्टी पोटात सलतात. मोहिमेची आखणी आदिवासी पट्ट्याभोवती आहे. उत्तर नागपूरच्या बौद्ध वस्त्या, भंडारा-गोंदियाच्या गावांतले महार कुठल्या रकान्यात बसतात? दुसरं, तपासणी झाली, कार्ड मिळालं, पुढे काय? रात्री दोन वाजता कळ आली तर तालुक्याच्या ठिकाणी हायड्रॉक्सियुरिया, वेदनाशामक आणि रक्ताची पिशवी आहे का? तिसरं, नुसत्या तपासणीनं काय होतं हे अमेरिकेनं बघितलं आहे. तिथे कायदा झाल्यावर निव्वळ वाहक असलेल्या, ठणठणीत काळ्या माणसांना विमा नाकारला गेला, नोकऱ्या नाकारल्या गेल्या, वायुसेनेच्या अकादमीनं १९८१ पर्यंत वाहकांना दारात उभं केलं नाही. आपल्याकडे तर पोरगी एएस आहे कळलं की सोयरीक मोडते. कार्डावरचा शिक्का जातीच्या दाखल्यावरचा दुसरा दाखला होऊन बसतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, हे नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या रेट्याचं फळ. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण कायदा नीट वाचा. यादीत नाव आहे, शिक्षणातल्या ५ टक्क्यांत जागा आहे, आणि सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना जागा नाही. प्रमाणपत्र घ्या आणि भिंतीवर लावा!

मग हे कोण बदलणार? विभागात बसलेले लोक. आणि विभागात कोण बसलं आहे? सिकलसेलचा खरा तज्ज्ञ म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ, आणि तो व्हायला एमडी मेडिसिन किंवा बालरोग करून पुढे डीएम करावं लागतं. तिथे, त्या शेवटच्या पायरीवर, सर्वसाधारणपणे आरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ च्या प्रीती श्रीवास्तव निकालात अतिविशेष अभ्यासक्रमांना आरक्षणाबाहेर ठेवलं. गुणवत्तेला धक्का लागतो म्हणे. म्हणजे ज्यांच्या रक्तात आजार आहे त्यांनी रक्त द्यायचं, त्या रक्ताचा अभ्यास करायला मात्र बसायचं नाही. आणि त्याच्या आधीच्या पायरीवर जे पोहोचतात त्यांची काय गत होते? २००७ मध्ये थोरात समितीनं दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळं पाडलं जातं हे लिहून ठेवलं. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीनं जीव दिला, वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. आमची पोरगी वॉर्डात रुग्ण म्हणून चालते, डॉक्टर म्हणून आली की डोळ्यांत खुपते.

पोरांनो, आता कामाचं बोलू. औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नवे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक नैतिकता समितीत किमान सात सदस्य लागतात, त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदा जाणणारा असावाच लागतो, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत. तुमच्या जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो "सामान्य नागरिक" कोण आहे? डीनसाहेबांचे शेजारी? निवृत्त प्राचार्य? माहिती अधिकारात नावं मागा. ती जागा आपली आहे, ती मागा. भारतात होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय नावाच्या सरकारी नोंदवहीत असते, ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. आपल्या शहराचं नाव टाकून शोधा, कुठल्या रुग्णालयात कुठलं औषध चालू आहे ते दिसेल. दुर्बल घटकांतल्या माणसाला नव्या औषधाच्या चाचणीत घेताना संमतीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे. प्रबंधासाठीच्या साध्या अभ्यासाला कॅमेरा लागत नाही, पण रुग्णाला कळेल त्या भाषेतला कागद लागतोच, आणि त्याची प्रत रुग्णाला मिळायलाच हवी. "रुटीन आहे" हे उत्तर चालणार नाही. नाही म्हटलं तरी उपचार थांबवता येत नाहीत, हे वाक्य आपल्या प्रत्येक मावशीला पाठ असायला हवं.

आणि जे एमबीबीएस, एमडीला आहात, ज्यांना आम्ही अभिमानानं "आपला डॉक्टर" म्हणतो, त्यांच्याशी थोडं कडक बोलतो. प्रबंधाचा विषय निवडताना गाईडनं दिलेला कुठलाही विषय मान खाली घालून घेऊ नका. जमेल तिथे सिकलसेल घ्या, सफाई कामगारांची फुप्फुसं घ्या, वीटभट्टीवरच्या बायांचा रक्तक्षय घ्या. आणि अभ्यास झाल्यावर एक रविवार काढून त्या वस्तीच्या विहारात या, मराठीत सांगा काय निघालं. पहिल्या रांगेत त्या मावशी बसलेल्या असतील, त्यांचा क्रमांक किती होता तेवढं त्यांना सांगा.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात आम्ही पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल लावणार आहोत. सिकलसेलची माहिती, संमतीपत्र कसं वाचायचं याचं एक पानी पत्रक, आणि माहिती अधिकाराचे छापील अर्ज. रक्त तपासायला प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, ज्यांच्याकडे ते शिक्षण आहे त्यांनी दोन दिवस द्यावेत. बाकीच्यांनी टेबल उचलायला यावं.

जयभीम!